मुलाचा ताल चुकतोय की लॅपटॉप उशीर करतोय? घरच्या रेकॉर्डिंगमधल्या अडचणी अशा शोधा



स्नेहसंमेलनाचं गाणं, पाठ्यपुस्तकातली कविता, गटसंमेलनासाठी श्रवण साहित्य किंवा मुलाच्या गाण्याच्या परीक्षेची तयारी, या सगळ्यासाठी आता आपण घरीच रेकॉर्डिंग करतो. एक साधा लॅपटॉप, एक माइक, हेडफोन आणि ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. पण प्रत्यक्ष करायला बसलं की अडचणी सुरू होतात. मध्येच 'टक्' असा आवाज येतो, एखादा शब्द अर्धाच उमटतो, हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून ऐकू येतो, किंवा स्क्रीन गोठून बसते.

अशा वेळी दोन गोष्टी होतात आणि दोन्ही टाळण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे मुलाला बोलणी बसतात. "परत चुकलास, तालात म्हण!" खरं तर मूल तालातच म्हणत असतं, संगणक त्याचा आवाज उशिरा परत देत असतो. तीन-चार वेळा असं झालं की ते मूल "मला गाता येत नाही" असं ठरवून टाकतं. दुसरी म्हणजे कुणीतरी सांगतं, "हा लॅपटॉप जुना झाला, नवीन घ्या." घरातले पैसे खर्च होतात आणि बऱ्याचदा अडचण तिथेच राहते, कारण ती सेटिंगमध्ये असते.

म्हणून आज आपण कारण कसं शोधायचं ते क्रमाने पाहूया. उदाहरणं विंडोजच्या साध्या लॅपटॉपची आणि ऑडॅसिटीची घेतली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी वेगळी असतील, पण तत्त्व तेच आहे.

१. आधी लक्षण ओळखा

मुलाला ताप आला की डॉक्टर लगेच औषध देत नाहीत, आधी चार प्रश्न विचारतात. इथेही तसंच करायचं. "आवाज खराब येतोय" एवढ्यावर काही ठरत नाही. खालीलपैकी नेमकं काय होतंय ते पाहा.

अ) टक्, चर्र, मध्येच तुटणं: हे कधीही, कुठेही होतं. हळू गातानाही होतं.
आ) फाटलेला आवाज: हा फक्त मोठ्या स्वरावर किंवा माइकजवळ जोरात म्हटल्यावर येतो.
इ) उशीर: हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, किंवा रेकॉर्ड केलेलं गाणं साथीच्या मागे पडतं.
ई) अडकणं: सॉफ्टवेअर थांबतं, माउस हलत नाही.
उ) आवाजच बदलणं: पट्टी चढते, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, तानपुरा मध्येच गायब होतो.
ऊ) सतत गुंईं: बारीक घरघर सलग चालू राहते.

यातलं 'आ' संगणकाच्या वेगाशी संबंधित नाही, हे आधीच बाजूला काढूया. माइकची पातळी जास्त ठेवली की आवाजाची लाट वर-खाली कापली जाते. स्क्रीनवर ती लाट मोठी करून पाहिली तर तिचा माथा सपाट, विळ्याने छाटल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: माइकची पातळी कमी करा, मुलाला माइकपासून एक वीतभर मागे घ्या. सर्वात मोठा स्वर म्हणायला लावून पातळी ठरवा, सर्वात हळू स्वरावर ठरवू नका.

२. दोन मिनिटांची चाचणी: 'टक्' नेमका कुठे आहे?

रेकॉर्डिंगमध्ये टक् ऐकू आला तर ती जागा पुन्हा तीन वेळा वाजवून पाहा.

तिन्ही वेळा टक् त्याच जागी आला, तर तो फाइलमध्ये उतरलेला आहे. म्हणजे रेकॉर्ड करताना संगणक मागे पडला. ती ओळ पुन्हा घ्यावी लागेल.

दरवेळी वेगळ्या जागी आला किंवा एखाद्या वेळी आलाच नाही, तर फाइल चांगली आहे. फक्त ऐकवताना संगणक अडखळतोय. तीच फाइल मोबाइलवर घेऊन ऐका, स्वच्छ वाजेल.

ही चाचणी न करता अनेकजण चांगलं रेकॉर्डिंग पुसून टाकतात आणि दमलेल्या मुलाला पुन्हा उभं करतात. त्यामुळे पुसण्याआधी ही चाचणी नक्की करा.

३. पिंप आणि बादली: हे सगळं होतं तरी का?

आवाज म्हणजे हवेची कंपनं. संगणक ती कंपनं सलग लिहून घेत नाही, तर सेकंदाला ठरावीक वेळा मोजतो. संगीताच्या सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० वेळा असं ठरलेलं आहे. व्हिडिओसाठी साधारणपणे ४८,००० वापरतात. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो नीट नोंदवायला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा.

आता एक नळ सतत चालू आहे अशी कल्पना करा. तो बंद करता येत नाही. खाली बादली आहे. बादली भरली की ती उचलून पिंपात ओतायची आणि तोपर्यंत दुसरी बादली खाली सरकवायची. नळ म्हणजे माइक, पिंप म्हणजे फाइल, बादल्या उचलणारा म्हणजे प्रोसेसर. आणि या बादलीला म्हणतात बफर.

बादली छोटी असेल तर ती पटपट भरते, पाणी लगेच पुढे जातं, पण उचलणाऱ्याला सतत धावपळ करावी लागते. त्याच वेळी कुणी त्याला दुसरं काम सांगितलं की बादली भरून वाहते. जे पाणी सांडलं तेच आपल्याला 'टक्' म्हणून ऐकू येतं.

बादली मोठी असेल तर उचलणारा निवांत असतो, पाणी सांडत नाही. पण बादली भरेपर्यंत थांबावं लागतं. ते थांबणं म्हणजे हेडफोनमधला उशीर.

म्हणजे 'अ' आणि 'इ' ही दोन्ही लक्षणं एकाच बादलीची आहेत. एक कमी केलं की दुसरं वाढतं. आकड्यांत पाहूया. सेकंदाला ४४,१०० नोंदी धरल्या तर:

१२८ नोंदींची बादली: सुमारे २.९ मिलिसेकंद
२५६ नोंदींची बादली: सुमारे ५.८ मिलिसेकंद
५१२ नोंदींची बादली: सुमारे ११.६ मिलिसेकंद
१०२४ नोंदींची बादली: सुमारे २३.२ मिलिसेकंद

हा एका दिशेचा हिशोब झाला. आवाज आत जाऊन पुन्हा हेडफोनमध्ये येईपर्यंत किमान दुप्पट धरा.

हा उशीर केवढा ते समजायला एक तुलना घ्या. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १ मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे १० मिलिसेकंद उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं. ते चालतं. पण १३० मिलिसेकंद म्हणजे तबलजी वर्गाच्या बाहेर, मैदानाच्या पलीकडे! मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. १३० मिलिसेकंद म्हणजे पाव मात्रेपेक्षाही जास्त. एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज कानावर पडला तर मोठी माणसंही अडखळतात, मुलाची काय कथा.

४. उशिरावर उपाय: मुलाला लॅपटॉपमधून त्याचा आवाज ऐकवूच नका

सगळ्यात सोपा उपाय इथे आहे. मुलाने स्वतःचा आवाज संगणकातून फिरून आलेला ऐकायची गरजच नसते. ऑडॅसिटीच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' नावाचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. मुलाला हेडफोन एकाच कानावर द्या. त्यातून फक्त तानपुरा, ठेका किंवा पेटी ऐकू येईल, आणि स्वतःचा आवाज दुसऱ्या मोकळ्या कानाने थेट. थेट आवाजाला उशीर नाही.

तुमच्याकडे यूएसबी ऑडिओ इंटरफेस असेल तर त्यावर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण किंवा खुंटी असते का पाहा. ती चालू केली की माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनला मिळतो.

एकदा ऐकण्याचा प्रश्न सुटला की बादली बिनधास्त मोठी ठेवा. ऑडॅसिटीत ती 'बफर लेंग्थ' या नावाने मिलिसेकंदात दिसते आणि सुरुवातीला १०० असते. कविता आणि गाणी रेकॉर्ड करायला तेवढी राहू द्या. टक् येत असेल तर थोडी वाढवा.

आता राहिला दुसरा उशीर: साथ आधी रेकॉर्ड केली, त्यावर मुलाने गायलं, आणि नंतर ऐकताना गाणं साथीच्या मागे पडलेलं दिसतं. मुलाला काही बोलण्याआधी पुढची चाचणी करा.

१. ऑडॅसिटीत 'ऱ्हिदम ट्रॅक' तयार करा. घड्याळासारखे ठोके मिळतील.
२. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून धरा आणि ते ठोके वाजवत नवीन ट्रॅकवर रेकॉर्ड करा.
३. दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहा. नवीन ठोका मूळ ठोक्याच्या किती मागे आहे ते मोजा.

इथे कुणी गात नव्हतं, तरी अंतर पडलं असेल तर ते पूर्णपणे यंत्राचं आहे. सेटिंगमध्ये 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' नावाचा आकडा असतो. तो उणे असतो, कारण तो नवीन ट्रॅक तेवढा मागे ओढतो. समजा तिथे उणे १३० आहे आणि तरीही ठोके ४० मिलिसेकंद उशिरा येत आहेत, तर तो उणे १७० करा आणि चाचणी पुन्हा घ्या. ठोके एकाखाली एक आले की झालं. माइक, हेडफोन किंवा बफर बदलला तर ही चाचणी परत करावी लागते.

५. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पाठवला जातो आणि पलीकडे उलगडला जातो. त्यात साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा पाहताना ते जाणवत नाही, कारण तिथे चित्रही तेवढंच थांबवलं जातं. गाताना तसं करता येत नाही.

दुसरी गंमत अशी की, ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरला की तो फोन कॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. 'उ' लक्षणातला डब्यातून आल्यासारखा आवाज बऱ्याचदा याच कारणाने येतो. मोबाइलसोबत मिळालेला जुना वायरचा हेडफोनही या कामाला जास्त चांगला.

६. उचलणाऱ्याला दुसरी कामं सांगू नका

आता 'अ' आणि 'ई' कडे येऊया. रेकॉर्डिंगला खरं तर फार शक्ती लागत नाही. एका माइकच्या आवाजाला सेकंदाला फक्त सुमारे ८८ केबी जागा लागते. ऑडॅसिटी आतल्या कामासाठी ३२ बिट वापरते, म्हणजे त्याच्या दुप्पट, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. दहा वर्षं जुना लॅपटॉपसुद्धा हे सहज करू शकतो. तो मागे पडतो तो इतर कामांमुळे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने पाहा. आता काही न करता एक मिनिट थांबा.

सीपीयू सतत वर असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. कोण जास्त खातंय ते सर्वात वर येईल. बहुतेक वेळा वीस टॅब उघडलेला ब्राउझर असतो.

मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर संगणक डिस्कलाच मेमरी म्हणून वापरू लागतो, आणि डिस्क त्या मानाने खूप हळू असते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे नेहमी दिसतं. ब्राउझर पूर्ण बंद केला तरी मोठा फरक पडतो.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा फोटो-फाइल क्लाउडवर चढवणं चालू असेल. ते संपू द्या, मग रेकॉर्डिंग करा. संगणक सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ही कामं जास्त असतात, म्हणून लॅपटॉप आधी सुरू करून ठेवा आणि मुलाला नंतर बोलवा.

रेकॉर्डिंगपुरता फ्लाइट मोड चालू करा. वाय-फाय बंद झालं की अपडेट थांबतात, क्लाउड थांबतो आणि वाय-फायचा ड्रायव्हरही प्रोसेसरला मध्येच हाक मारत नाही. हे शेवटचं कारण टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. सगळे रकाने शांत असूनही टक् येत असेल तर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवून पाहा, ते घरगुती वापरासाठी मोफत आहे. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवून ठेवतो त्याचं नाव ते सांगतं. मग तेवढाच ड्रायव्हर अपडेट करायचा किंवा ते उपकरण तात्पुरतं बंद ठेवायचं.

एक खबरदारी: अँटिव्हायरस काढून टाकू नका. त्याची पूर्ण तपासणी रात्रीच्या वेळेला लावा आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासणीतून वगळा, एवढं पुरेसं आहे.

७. वीज, उष्णता आणि गादी

लॅपटॉप बॅटरीवर असला की तो वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. वेग कमी-जास्त होताना बादली उचलायला उशीर होतो. म्हणून चार्जर लावा आणि पॉवर सेटिंगमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' किंवा 'हाय परफॉर्मन्स' निवडा. त्याच ठिकाणी प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असतं, ते बंद करा. नाहीतर विंडोज वीज वाचवायला यूएसबीचं उपकरणच मध्ये झोपवू शकतं.

चार्जर लावल्यावर 'ऊ' मधली गुंईं सुरू झाली तर? ती टक्-टक् नसते, सलग असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि तीच माइकच्या वायरीतून घुसते. माइकची वायर चार्जरच्या वायरीपासून लांब घ्या, दुसरं सॉकेट वापरून पाहा. तरी गेली नाही तर ते गाणं बॅटरीवर रेकॉर्ड करा, पण त्याआधी बॅटरीसाठीची पॉवर सेटिंगही जास्त वेगावर ठेवा.

उष्णतेचंही तसंच आहे. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली दोन गाणी छान झाली आणि तिसऱ्यापासून टक् सुरू झाले, असं होत असेल तर संशय उष्णतेवर घ्या. लॅपटॉप गादीवर, सोफ्यावर किंवा मांडीवर ठेवला की खालची हवेची छिद्रं बंद होतात. तो टेबलावर किंवा पाटावर ठेवा, मागून दोन खोडरबर लावून थोडा उचला. रेकॉर्डिंग सकाळी लवकर करा. खोली गार असते, रस्ताही शांत असतो आणि मुलाचा गळाही ताजा असतो.

८. फाइल कुठे साठवताय?

थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करू नका. अनेक पेनड्राइव्ह लिहिताना मध्येच थबकतात. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर रेकॉर्ड करा, मग पेनड्राइव्हवर कॉपी करा. डिस्कवर किमान १५-२० टक्के जागा मोकळी असू द्या. शाळेचे जुने व्हिडिओ बाहेर काढले तरी बरीच जागा होते. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्येही रेकॉर्ड करू नका, कारण फाइल लिहिली जात असतानाच ती वर चढवण्याची धडपड सुरू होते.

माइक किंवा इंटरफेस यूएसबी हबमधून न जोडता लॅपटॉपच्या मूळ पोर्टला लावा. जुना यूएसबी २.० पोर्टही आवाजासाठी भरपूर आहे. तो दर सेकंदाला ४८० मेगाबिटचा, आणि दोन माइकच्या उत्तम दर्जाच्या आवाजाला लागतात अडीच मेगाबिटसुद्धा नाही. अडचण वेगाची नसते, एकाच हबवर पेनड्राइव्ह, माउस, पंखा आणि माइक असं सगळं लटकवल्याची असते.

९. पट्टी का चढली? तानपुरा का गेला?

समजा सॉफ्टवेअरने सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतल्या आणि वाजवणाऱ्याने त्या ४८,००० च्या धरल्या. मग गाणं ८.८ टक्के जलद वाजतं. ३ मिनिटांचं गाणं सुमारे १५ सेकंद आधी संपतं आणि सूर पेटीच्या एका पट्टीपेक्षा जास्त पण दोनपेक्षा कमी चढतो. म्हणजे पेटीवर तो कुठल्याच पट्टीला जुळत नाही! दोन आकडे वेगळे असले की दरवेळी पट्टी चढतेच असं नाही. बऱ्याचदा संगणक आपणहून रूपांतर करतो, पण त्यात प्रोसेसरचं काम वाढतं. म्हणून विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइक आणि हेडफोन दोन्हींचा 'डिफॉल्ट फॉरमॅट' आणि सॉफ्टवेअरमधला दर एकसारखा ठेवा. फक्त गाणं असेल तर ४४,१००, व्हिडिओला जोडायचं असेल तर ४८,०००.

तानपुऱ्याची गोष्ट वेगळी. पंख्याचा आवाज कमी करायला माइकच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट' आणि 'नॉइज सप्रेशन' दिलेलं असतं. जो आवाज सलग एकसारखा येतो तो गोंगाट, असं त्याचं गणित. आपला तानपुरा आणि पेटीचा धरलेला सूर अगदी तसेच असतात, म्हणून ते पुसले जातात. मुलाने लांबवलेला 'सा' सुद्धा शेवटी विरतो आणि आपण म्हणतो, "श्वास कमी पडतो याचा." गाणं रेकॉर्ड करताना हे सगळं बंद ठेवा. ऑनलाइन गाण्याच्या वर्गातही हेच होतं, झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय दिलेला आहे.

१०. आधी साधं रेकॉर्ड, सजावट नंतर

काही सॉफ्टवेअरमध्ये गातानाच आवाजाला घुमारा देता येतो. ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक सजावट उचलणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं असते. रेकॉर्डिंग कोरं करा. घुमारा, गोंगाट कमी करणं, पातळी सारखी करणं हे नंतर. तेव्हा बफर मोठा असला तरी काही बिघडत नाही, कारण कुणी गात नसतं.

ट्रॅक पुष्कळ झाले आणि ऐकताना अडखळायला लागलं, तर तयार झालेली साथ, म्हणजे पेटी, ठेका, टाळ, यांचा एकच ट्रॅक करून घ्या. आठ ट्रॅकऐवजी दोन वाजवावे लागले की जुना लॅपटॉपही सुटकेचा श्वास टाकतो. मूळ फाइलची प्रत मात्र आधी बाजूला ठेवा.

११. एका वेळी एकच बदल

विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना काय सांगतो? एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, मग निरीक्षण लिहा. इथेही नेमकं तेच. पाच सेटिंग एकदम बदलल्या आणि अडचण गेली, तर कशाने गेली ते कळत नाही, आणि परत आली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

वहीत तीन रकाने आखा: काय बदललं, एका मिनिटात टक् किती आले, उशीर जाणवला का. चौथी-पाचवीच्या मुलांना हे काम देऊन पाहा. टक् मोजायला त्यांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, आणि 'निरीक्षण-नोंद-निष्कर्ष' हा धडा घरीच होतो. शिवाय ज्या मुलाने स्वतः ठोक्यांची चाचणी केली आहे, त्याला यंत्राचा दोष आणि स्वतःचा दोष यातला फरक कळतो.

१२. मग खर्च कधी करायचा?

वरचं सगळं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्याजागी एसएसडी बसवणं हा सर्वात उपयोगी खर्च. मेमरी सतत भरत असेल आणि लॅपटॉपमध्ये सोय असेल, तर रॅम ४ वरून ८ जीबी करा. या दोन्हींना मिळून नवीन लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग लागतो. त्याआधी सगळ्या फाइलची प्रत काढून ठेवायला विसरू नका.

आणि घरात लॅपटॉप नसेल तरी अडू देऊ नका. एका आवाजातली कविता मोबाइलवर, फ्लाइट मोडमध्ये, पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून उत्तम रेकॉर्ड होते. साथीसह अनेक ट्रॅक जोडायचे असतील तेव्हाच संगणक लागतो.

लॅपटॉपजवळ चिकटवायची यादी

१. लॅपटॉप १५ मिनिटं आधी सुरू केला का?
२. चार्जर लावला, पॉवर सेटिंग जास्त वेगावर ठेवली का?
३. ब्राउझर बंद, फ्लाइट मोड चालू?
४. वायरचा हेडफोन, एकाच कानावर?
५. माइक मूळ पोर्टला, एन्हान्समेंट बंद?
६. सगळीकडे एकच दर, ४४,१०० किंवा ४८,०००?
७. डिस्कवर जागा आहे, पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्डिंग नाही?
८. ठोक्यांची चाचणी केली का?
९. एक मिनिट नमुना रेकॉर्ड करून पूर्ण ऐकला का?

ही नऊ उत्तरं 'हो' आली की मगच मुलाला माइकसमोर बोलवा. तरीही मध्ये काही तुटलं, तर त्याला आधी एवढंच सांगा, "तू छान म्हटलंस, लॅपटॉपला नीट लिहून घेता आलं नाही. पाणी पी, तोवर मी बघतो." मग ती जागा तीन वेळा वाजवून पाहा आणि दोष कुणाचा ते ठरवा.